एकच पंखा

लालबागच्या चाळीतली आमची खोली दहा बाय बारा. लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणून जोडलेला माझा पीसी पोटमाळ्याखाली. रायझन ५ २६०० चे सगळे कोअर मला ४ गिगाहर्ट्झवर न्यायचे होते.

रीत सोपी आहे. बायोसमध्ये वेग थोडा वाढवायचा, स्ट्रेस टेस्ट लावायची, तापमान बघायचं. मशीन अडखळलं तरच व्होल्टेज किंचित वाढवायचं. कारण उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात.

मे महिन्यातली रात्र. तापमान नव्वदीत, चिपची मर्यादा ९५ अंश. कॅबिनेटची बाजू उघडून टेबलफॅन तिकडे वळवला. आकडा भराभर उतरला. खूश होऊन मागे बघतो तर बाबा अंथरुणात उठून बसलेले, बनियन घामाने चिकटलेलं.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. चालू दे तुझं."

प्रोसेसरमधून काढलेली उष्णता जाते कुठे, हे मी इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो. ती खोलीतच राहते.

व्होल्टेज उतरवलं, वेग ३.८ वर आणला. गेममध्ये चार-पाच फ्रेम गेल्या. पंखा बाबांकडे वळवला.