दिवेलागणीनंतर

आमच्या मंडळाची तिगावची मासिक सभा पूर्वी रविवारी सायंकाळी साडेपाचला भरत असे. पांढुर्ण्याहून एक सेवानिवृत्त मुसलमान शिक्षक तीस मुद्दाम येत. मराठीचे मर्मज्ञ, पण बसत नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर. हिवाळ्यात निबंधवाचन नुकते रंगात येई, आणि ते हळूच उठून जात. 'या गृहस्थांचे लक्ष ऐकण्यापेक्षा निघण्याकडेच,' असे आम्ही आपसांत बोलत असू. त्यांना मात्र कधी विचारले नाही. पुढे त्यांचे येणे थांबले. त्याचेही आम्हांस फारसे काही वाटले नाही.

एका डिसेंबरात आम्ही उभयता लंडनला मुलीकडे गेलो. तिच्या घराजवळच्या किराणा दुकानात गल्ल्यामागे नमाजाच्या वेळांचा महिन्याचा तक्ता लावलेला होता. दुपारचे चार वाजत होते. दुकानदाराने हातानेच थांबण्याची खूण केली व तो आतल्या खोलीत गेला. गिऱ्हाइके निमूटपणे उभी राहिली. त्यांत गोरी माणसेही होती. आम्ही बाहेर पाहिले, तो सूर्य मावळलेला!

पहाटेची फजर, दुपारची जोहर, सावलीच्या लांबीवर ठरणारी असर, सूर्यास्ताची मगरिब, रात्रीची इशा – पाचही वेळा सूर्याशी बांधलेल्या. लंडनला डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, जूनमध्ये नऊ वाजून गेल्यावर. ऐन उन्हाळ्यात तर रात्रभर संधिप्रकाश पुरता विरत नाही. तेव्हा इशेची वेळ जाणकारांनी ठरविलेल्या संकेताने पाळावी लागते. म्हणून तक्ता रोज बदलतो आणि गावागणिक निराळा असतो. या सर्वांत मगरिबेची मुदत आखूड. संधिप्रकाश सरला की ती सरली. आमच्या आजोबांची सायंसंध्याही घड्याळ पाहून होत नसे, हे तेथे आठवले.

मुलीने लंडनजवळच्या वोकिंग गावची मशीदही दाखविली. ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली ही पहिली वास्तू. सन १८८९ ची. तिला द्रव्यसाहाय्य भोपाळच्या शाहजहान बेगमांचे, आणि नावही त्यांचेच. परमुलखात माणसाला आपली वेळ पाळण्यास जागा लागते, हे आपल्याच आजच्या राजधानीतील एका स्त्रीने तेव्हा जाणले होते. भोसल्यांच्या अमदानीत इकडे येऊन स्थिरावलेली, १९५६ नंतर हिंदी राज्यात मराठी जपणारी आपली घराणी. परिपाठ सांभाळणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको होते. तरी शेजारच्या गावच्या माणसाची वेळ आम्हांस लंडनात कळली.

परत आल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. संकोचाने विषय काढला. ते हसले. म्हणाले, "वाचणाऱ्याचा रसभंग होऊ नये, म्हणून तर दाराजवळ बसत होतो." आम्हांस उत्तर सुचले नाही. चहा निवून गेला.

आता सभेच्या पत्रकावर घड्याळाची वेळ नसते. 'दिवेलागणीनंतर अर्ध्या तासाने' एवढेच छापतो. आपल्या घरीही त्या घटकेला देवापुढे दिवा लागतो, शुभंकरोती होते. तेव्हा कोणाचीच अडचण होत नाही. गुरुजी पुन्हा येऊ लागले आहेत. आम्ही पुढची खुर्ची देऊ केली. ते सवयीने दाराजवळच बसतात. मात्र सभा संपेपर्यंत ती खुर्ची रिकामी होत नाही.