करडईचे फूल

नवरात्राच्या सातव्या माळेला, घटाभोवतीच्या काळ्या मातीत ज्वारी-गव्हाचे पिवळसर कोंब दाटीने उभे असताना, त्यांच्या कडेला दोन मांसल, रुंद पानांचे एक रोप निराळ्याच ऐटीने बसलेले दिसले, आणि ते करडईचे आहे हे ध्यानी येताच फुलांचा आपला सारा हिशेबच भलत्या खात्यावर मांडला गेला आहे, असे मला प्रकर्षाने वाटले.

तुळजापूरच्या वाटेवर या दिवसांत झेंडूच्या राशी लागतात; हौशी मंडळी थंडीच्या ताटव्यांसाठी अॅस्टरचे बी आणून वाफ्यांत टाकतात, आणि त्या हौसेचे मला कौतुकच आहे. परंतु शरदात बी पेरून पौषात फुले पाहण्याचा जो उद्योग धाराशिवच्या शिवारांनी पिढ्यानपिढ्या केला, त्याची नोंद फुलांच्या सदरी कोणी घेतली नाही. करडई गळिताच्या धान्यांत जमा झाली, आणि तेथेच राहिली.

माझी आत्या कळंब तालुक्यात, मांजरेच्या खोऱ्यात नांदत होती. हस्ताचा पाऊस ओसरून रान वाफशावर आले की मामा तिफण हाकीत, पण चाड्यावर मूठ तिची असे. आणि बांधालगतच्या तासांपाशी आली की ती बैल थांबवायला लावी, ओटीतली ज्वारी बाजूला सारी, आणि करडईचे पांढरे, टणक, चकाकते बी मुठीत घेऊन मगच पुढे चाले. काट्यांना गुरे तोंड लावीत नाहीत, म्हणून ज्वारीला करडईचे कुंपण, एवढाच त्यातला व्यवहार होता. कार्तिकात कोवळी पाने खुडून ती लसणाच्या फोडणीची भाजी करी, जिच्यापुढे मला आजही मेथी फिकी वाटते. पुढे पाने राठ होत, काटे धरीत. वर आभाळ कोरडे ठणठणीत, आणि सोटमूळ मात्र ओलाव्याच्या शोधात खाली पुरुषभर उतरलेले. मग पौषात, ज्वारी हुरड्यात येण्याच्या सुमारास, बोंडांच्या टोकांशी केशरासारखे पिवळे झुबके फुटत आणि सुकता सुकता तांबूस होत जात. ते फूल केसांत माळता येत नाही, त्याचा हार ओवणाऱ्याची बोटे रक्ताळतात. आत्याने त्याला कधी सुंदर म्हटल्याचेही मला आठवत नाही. मात्र त्या दिवसांत कोणी पाहुणा आला, तर चहाचे आधण चुलीवर ठेवून ती त्याला आधी बांधाकडे घेऊन जाई, आणि पीक कसे आहे एवढेच विचारी. काढणीला मजूर पहाटेच, दवाने काटे मऊ असतात तोवर, हातापायांना फडकी गुंडाळून रानात उतरत. आणि पुढे घाण्यावरून आलेल्या तेलाचा वास घरात भरला की फुलांचे नावही कोणी काढीत नसे.

आता त्या शिवारात सोयाबीन आहे, आणि मजुरांच्या हातांचा विचार करता कोणाला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांची करडई सिद्ध केली, तिच्या पाकळ्या सुखाने वेचता येतात. तिचे महत्त्व मी पूर्णपणे मानतो, तरी माझे मन काटेरी वाणाकडेच ओढ घेते.

इजिप्तच्या प्राचीन थडग्यांत करडईच्या फुलांच्या माळा सापडल्या आहेत, आणि आपल्या तेरचे, म्हणजे त्या काळच्या तगराचे, नाव पहिल्या शतकातल्या एका ग्रीक वृत्तांतात आहे: पैठणापासून दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर, जेथून तलम वस्त्रे गाड्यांत लादून भडोचच्या बंदरी जात. त्या वस्त्रांपैकी काही या फुलाच्या कुसुंबी रंगात बुडालेली असतील, असे मानायला मला फार आवडते. तो रंग उन्हात टिकत नाही. मग इतका लांबचा, उघड्या माळांवरून जाणारा तो प्रवास व्यापाऱ्यांनी रात्रीच्या मजलांत बेतला असेल की गाठोड्यांवर जाड घोंगड्यांची आच्छादने घातली असतील?