मोटारीचे दुखणे

माझे आजोबा नागपुरास राहत. त्यांच्याजवळ १९५६ सालची एक फियाट मोटार होती. 'अकराशे' या नावाची ही मोटार त्या काळी मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होत असे. तिच्या फुगीर आकारामुळे लोक तिला थट्टेने 'डुक्कर फियाट' म्हणत. तिची पुढची दारे आजच्या मोटारींच्या उलट बाजूने उघडत आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या चक्रालगत असे. आजोबांना ती थट्टा मुळीच खपत नसे. रोज सकाळी ते स्वतः ओल्या फडक्याने मोटार पुसत आणि मगच चहा घेत.

आजोबा वारल्यावर मोटार काकांकडे आली. पुढे दोन वर्षांनी, १९७७ च्या हिवाळ्यात, तिच्या इंजिनातून एक चमत्कारिक आवाज येऊ लागला. आत कोणीतरी लहानशा हातोडीने ठोकत आहे, असे वाटे. ठक्, ठक्, ठक्! काकांनी शहरातील एका दुरुस्तीवाल्याला मोटार दाखविली. त्याने इंजिनाचे झाकण उघडले, क्षणभर ऐकले आणि सांगितले, "आतले बेअरिंग गेले. सगळे इंजिन उघडावे लागेल." त्याने सांगितलेला खर्च मोटारीच्या किमतीहून अधिक होता. काका दोन दिवस कोणाशी फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोटार भंगारात विकायचे ठरविले. व्यापारी सोमवारी येणार होता.

आजीने काहीच विरोध केला नाही. ती एवढेच म्हणाली, "रविवारी मला एकदा केळझरच्या गणपतीला घेऊन चल. यांनी मोटार घेतली तेव्हा पहिल्यांदा आम्ही तिथेच गेलो होतो."

केळझर हे वर्धा जिल्ह्यातील गाव. नागपूरहून वर्ध्याकडे जाताना ते सुमारे ५० किलोमीटरवर लागते. तेथील टेकडीवर सिद्धिविनायकाचे प्रसिद्ध देऊळ आहे. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. बुटीबोरी मागे पडल्यावर आजीने मला ती कथा सांगितली. पांडव एकचक्रानगरीत एका ब्राह्मणाच्या घरी राहत होते. एके दिवशी कुंतीला घरातून रडण्याचा आवाज ऐकू आला. तिने जाऊन कारण विचारले, तेव्हा कळले की त्या दिवशी बकासुराकडे जाण्याची पाळी त्याच कुटुंबावर आली आहे. मग भीम गेला आणि त्याने राक्षसाला मारले. मी कथा ऐकत होतो. पण माझा अर्धा कान त्या ठक्-ठक् आवाजाकडे होता.

टेकडीच्या पायथ्याशी तो आवाज इतका वाढला की काकांनी घाबरून इंजिन बंद केले. रस्त्याच्या कडेला एका कडुनिंबाखाली एक वृद्ध मिस्त्री शेतावरचे तेल इंजिन दुरुस्त करीत बसले होते. काकांनी त्यांना बोलावले खरे. पण त्यांच्या मनात फारशी आशा नव्हती. "बेअरिंग गेले आहे," ते म्हणाले. "आम्ही नागपूरपर्यंत कसेबसे पोचलो म्हणजे झाले."

मिस्त्रींनी मोटारीला लगेच हात लावला नाही. एखादा वैद्य रोग्याला विचारतो तसे ते विचारू लागले, "आवाज केव्हापासून येतो? इंजिन थंड असताना अधिक येतो की तापल्यावर? कधी थांबतो का?"

"छे! सारखा चालूच असतो," काका म्हणाले.

माझ्या ओठांवर एक गोष्ट आली होती. पण ती बोलण्याचा मला धीर होईना. आठ दिवसांपूर्वी आम्ही वर्ध्याहून एक लग्न आटोपून रात्री परत येत होतो. त्या वेळी आवाज जवळजवळ नाहीसा झाला होता. नागपूर आल्यावर काकांनी मोटारीचे मोठे दिवे मालवले आणि तो पुन्हा सुरू झाला. मी तसे म्हणालो, तेव्हा सगळे हसले होते. "मोटारीला दिवस-रात्र कळते वाटते!" असे काका म्हणाले होते. आता पुन्हा तेच बोललो तर पुन्हा हसू होईल, असे मला वाटले. पण सोमवारी येणारा व्यापारी डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि मी एका दमात सारे सांगून टाकले.

काका रागावून म्हणाले, "गप्प बैस रे!"

"थांबा भाऊ, त्याला बोलू द्या," मिस्त्री म्हणाले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "मोठे दिवे मालवल्यावरच आवाज आला? नक्की आठवते, बाबू?"

"नक्की," मी म्हणालो.

मग मिस्त्रींनी इंजिन सुरू करविले. प्रथम त्यांनी बेअरिंगचा संशय तपासला. इंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येकाच्या प्लगची तार त्यांनी एकेक करून जपून काढली व पुन्हा लावली. "बेअरिंग झिजले असते, तर त्या सिलिंडरची ठिणगी थांबताच ठोका मंदावला असता," ते म्हणाले. चारही तारा झाल्या. आवाज होता तसाच राहिला. नंतर त्यांनी लाकडी मुठीचा एक लांब पेचकस घेतला. त्याचे टोक इंजिनाच्या एका भागावर टेकवून मूठ कानाशी धरली व डोळे मिटले. पुढे शाळेत मी वाचले की, १८१६ साली पॅरिसमधील लाएनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची नळी करून रोग्याच्या हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्माला आला. केळझरच्या कडुनिंबाखाली मी पाहिले ते त्याचेच भावंड होते.

एका जागी येऊन पेचकस थांबला. ती डायनामोची जागा होती. "भाऊ, इंजिनाचा वेग थोडा वाढवा आणि मोठे दिवे लावा," मिस्त्री म्हणाले. भर दुपारी दिवे लागले, आणि ठक्-ठक् एकदम मंदावली! दिवे मालवताच ती पुन्हा सुरू झाली. आता मात्र कोणीच हसले नाही.

अखेरची खात्री करून घेण्यासाठी त्यांनी इंजिन बंद करून पंख्याचा पट्टा काढला. याच पट्ट्याने डायनामोही फिरतो. पट्ट्यावाचून इंजिन क्षणभरच चालविले, कारण तो नसेल तर इंजिनाला थंड ठेवणारे पाणी खेळत नाही. तेवढ्या वेळात एकही ठोका ऐकू आला नाही. मग त्यांनी डायनामोची पुली हाताने हलविली. ती सैल होती. पुली आसावर घट्ट बसावी म्हणून खाचेत पोलादाची एक बोटाच्या पेराहूनही लहान चावी बसवलेली असते. ती झिजली होती आणि नटही ढिला झाला होता.

"दिवे लागले म्हणजे डायनामोवर भार येतो," मिस्त्रींनी मला समजावून सांगितले. "त्या ओढीने पुली चावीच्या एकाच बाजूस दाबून राहते, म्हणून वाजत नाही. भार गेला की ती मोकळी होऊन मागे-पुढे आपटते. तू ऐकलेस ते बरोबर होते, बाबू."

त्यांनी पोलादाचा एक तुकडा कानशीने घासून नवी चावी तयार केली, ती बसविली आणि नट आवळला. तासाभरात काम झाले. काकांनी इंजिन सुरू केले. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून मी ऐकलेला तोच एकसारखा, शांत आवाज परत आला होता. आजीने पदराने डोळे टिपले.

देवदर्शन करून आम्ही परत निघालो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग काका हळूच म्हणाले, "त्या रात्री मी तुझे ऐकायला हवे होते."

त्यावर आजी म्हणाली, "भीमाने राक्षस मारला हे सगळ्यांना आठवते. पण आधी कुंतीने रडणे ऐकले आणि कारण विचारले, म्हणून तर भीम गेला!"

सोमवारी आलेला व्यापारी रिकाम्या हातांनी परत गेला. ती मोटार आजही आमच्या घरी आहे. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या मोटारींची वेगळी नोंद करण्याचे नियम सरकारने २०२१ साली केले. आमची 'अकराशे' तेव्हा पासष्ट वर्षांची होती.

त्या रविवारनंतर मोटारीतून कधी नवा आवाज आला, की काका प्रथम इंजिनाचे झाकण उघडीत आणि मला हाक मारीत, "ये रे, जरा कान लाव पाहू!"