काँप्युटरमधली खाचरे

गावोगाव बांधबंदिस्ती सांगत फिरणारा माणूस गोळीबाराच्या खेळाबद्दल लिहितो, याचे तुम्हांला हसू येईल. येऊ द्या.

'डूम' हा खेळ अमेरिकेत १९९३ साली निघाला. खेळणाऱ्यालाही त्यात आपले नकाशे रचता येत. १९९६ साली शहापूरला धाकट्या भावाने आणि मी रात्री जागून आमच्या मुरबाडकडच्या शेताचाच नकाशा रचला. काम ओळखीचे निघाले. जमिनीचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला एकच उंची द्यायची; अगदी भाताची खाचरे! एकावर एक मजला चढत नाही, म्हणून घराचा माळा राहिला. चोवीस मापांपर्यंतची पायरी गडी चढतो, त्याहून उंच बांध अडवतो. बाबांनी जिथे पाय द्यायला दगड लावले होते, तिथेच आम्ही पायऱ्या ठेवल्या.

पुढे शेत रस्त्यात गेले. भाऊही गेला.

यंदा पावसाळ्यात पुतणीने जुन्या फ्लॉपीतून तो नकाशा काढला. खेळाची मूळ आज्ञावली १९९७ मध्ये खुली झाल्याने तो आजच्या यंत्रावरही चालतो. राक्षस तेवढे काढायला लावले. सात खाचरे मोजत वर गेलो. शेवटचा बांध सरळ होता. खरा बांध आंब्याला वळसा घालून जाई. भाऊ तेव्हाच म्हणाला होता, "दादा, आंबा राहिला." मी म्हटले होते, उद्या करू.

पुतणीला वळसा दाखवला. तिने बांध वाकवला. खेळात पानांचे झाड नाही, वठलेलेच आहे. तेच उभे केले.