माळशेज चढण्याआधी

गेल्या मे महिन्यात मामेबहिणीच्या निकाहासाठी आम्ही कल्याणहून मंचरला निघालो. जुनी कार, पाच माणसे, डिकीत बॅगा आणि मिठाईचे खोके. मुरबाड, टोकावडे मागे पडले आणि माळशेज घाट सुरू झाला. एसी चालू, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. अर्ध्या घाटात तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली.

रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली. फडके घेऊन मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तोच अब्बांनी माझे मनगट धरले. त्यांनी बरीच वर्षे टेम्पो चालवला आहे.

"थांब बेटा. झाकण काढलंस तर उकळतं पाणी तोंडावर येईल."

हे झाकण आतला दाब धरून ठेवते, म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढे तापूनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि त्याच पाण्याची क्षणात वाफ होऊन उसळते. कित्येकांचे चेहरे आणि हात असे भाजले आहेत.

आम्ही पाऊण तास थांबलो. अम्मी सारखी घड्याळ पाहत होती. अब्बांनी तेवढ्यात कारण शोधले. राखीव टाकी रिकामी होती आणि खालच्या नळीच्या क्लिपजवळ पांढुरका डाग होता. कूलंट थेंब थेंब गळत होते. शहरात ते लक्षात आले नाही. घाटात मात्र इंजिनवर ताण जास्त, वेग कमी, त्यामुळे रेडिएटरला वारा पुरत नाही. सगळा भार पंखा आणि कूलंटवर येतो. पातळी उतरली की मी बोअरचे पाणी ओतत होतो, ही माझीच चूक. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात.

इंजिन गार झाल्यावर फडके धरून झाकण हळूहळू सैल केले आणि पिण्याच्या बाटल्यांतले पाणी थोडे थोडे भरले. एसी बंद ठेवून, काट्यावर नजर ठेवत घाट चढलो. ओतूरच्या गॅरेजात नळी आणि क्लिप बदलली, जुने पाणी काढून नवे कूलंट भरले. मगरिबच्या आत मंचरला पोहोचलो, अल्हम्दुलिल्लाह.

निकाहानंतर घोडेगावमार्गे डिंभे धरणापर्यंत जाऊन गाडीची परीक्षा घेतली. जुने आंबेगाव याच धरणाच्या पाण्याखाली आहे. काटा मध्यावरून हलला नाही.

परतताना जुन्नरला थांबलो. शिवनेरीवरची कमानी मशीद पाण्याच्या टाक्यावर उभी आहे. तिच्या दोन मिनारांना जोडणारी कमान दुरूनच ओळखू येते. पुढे नाणेघाट पाहिला. सातवाहनांच्या काळात कोकणातला माल याच वाटेने जुन्नरला चढत असे. तिथे कातळात कोरलेली पाण्याची टाकी आजही आहेत. अब्बा त्यातल्या एकाच्या काठाशी बसून म्हणाले, "बघ, वाट बांधणाऱ्यांनी पाण्याचा विचार आधी केला. आपण वाफ निघाल्यावर करतो."

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. लांब निघण्याच्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना बॉनेट उघडायचे. राखीव टाकीतली पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मधे हवी. नळ्या दाबून पाहायच्या. भेगा किंवा ओल दिसली तर गॅरेज गाठायचे. रेडिएटरच्या जाळीतला कचरा काढायचा. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट भरायचे, पाणी मिसळायचे तर डिस्टिल्ड, आणि ते बदलण्याची मुदत पाळायची. डिकीत त्याचा एक डबा ठेवायचा, पण मुलांपासून दूर, कारण ते विषारी असते.

एवढ्याला दहा मिनिटे लागतात. घाटात आमचा पाऊण तास गेला होता, आणि अब्बांनी हात धरला नसता तर त्याहून बरेच काही गेले असते.