गायकाच्या मागं बसलेली माणसं

कोल्हापुरात गाण्याचा कार्यक्रम ठरला की चौकात बॅनर लागतो. मधोमध गायकाचा फोटो, वर नेतेमंडळी, खाली मंडळाचे कार्यकर्ते. वादकांना त्यात जागा नसते. मी ढोलकी वाजवतो. गणपतीतल्या सुपाऱ्या, जत्रांतले ऑर्केस्ट्रा, हळदीचे कार्यक्रम आणि एकादशीला पेठेतलं भजन, यातच माझी उमर गेली. स्टेजवर आम्हाला हाक यायची ती वाद्याच्या नावानं: "ओ ढोलकी, जरा पुढं सरका." वादकालाही नाव असतं, हे आमच्या भागातल्या लोकांना पहिल्यांदा दाखवलं ते टीव्हीवरच्या 'सा रे ग म प'नं.

झी टीव्हीवर 1995 मध्ये सोनू निगमच्या सूत्रसंचालनात हिंदी 'सा रे ग म' सुरू झालं, तेव्हा आम्ही ते गायकांसाठीच बघायचो. पुढं झी मराठीवर मराठी 'सा रे ग म प' आलं. आपल्या गावचा अभिजित कोसंबी त्यात विजेता ठरला आणि कोल्हापूरनं कार्यक्रम डोक्यावर घेतला. गल्लीतली पोरं भेटेल त्याचा मोबाइल मागून घ्यायची आणि अभिजितला मताचा एसएमएस टाकायची. मीही टाकले. माझी नजर मात्र हळूहळू गायकाच्या मागं बसलेल्या रांगेकडं जायला लागली.

2008 मध्ये याच कार्यक्रमाचं लहान मुलांचं पर्व, 'लिटल चॅम्प्स', सुरू झालं आणि ती रांग घराघरांत पोचली. संयोजन कमलेश भडकमकरांचं. कीबोर्डवर सत्यजित प्रभू, बासरीवर अमर ओक, तबल्यावर अर्चिस लेले, ढोलकीवर नीलेश परब. सूत्रसंचालक पल्लवी जोशी त्यांना नावानं हाक मारायची. कॅमेरा त्यांच्या हातांवर जायचा. माझी आई, जिला तबला आणि डग्गा यांतला फरक आयुष्यभर कळला नव्हता, ती एके दिवशी म्हणाली, "आज नीलेशनं काय वाजवलं रे!" माझ्या घरात, माझ्या वाद्याबद्दल असं वाक्य त्याआधी कधी उच्चारलं गेलं नव्हतं.

मी तो कार्यक्रम शिकवणीला बसल्यासारखा बघायचो. लहान मुलांच्या पट्ट्या उंच, त्यातही प्रत्येकाची वेगळी. मुग्धा वैशंपायनच्या गाण्यानंतर रोहित राऊत आला की पट्टी बदलणार. ढोलकी तर सुरात लागलेली हवी, नाहीतर गाण्याला टोचते. म्हणजे एकाच कार्यक्रमासाठी वेगवेगळ्या पट्टीत चढवलेल्या ढोलक्या जवळ ठेवायच्या. आम्ही जत्रेत एकाच ढोलकीवर रात्र काढत होतो. दुसरं शिकलो ते थांबणं. लावणीच्या पीसला हात मोकळा सोडायचा, पण आवाज सुरू झाला की ठेका साधा आणि हात हलका. पोरगं लयीत जरा डगमगलं तर मागचे वादक ठेका आणखी सोपा करून त्याला समेवर आणून सोडतात, हे मी कान देऊन पुन्हा पुन्हा ऐकलंय. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगं किती पक्कं आहे! पोरं पक्की होतीच. पण त्या पक्केपणाला मागून हात दिलेला असायचा.

परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. या दोघांचं 'ऐका दाजिबा' मी इतक्या वरातींत वाजवलंय की हात आपोआप चालतो. ते दोघं गायकाला गुण देता देता वादकांनाही दाद द्यायचे, ते मला फार आवडायचं.

फेब्रुवारी 2009 मधल्या महाअंतिम सोहळ्याच्या रात्री करवीर तालुक्यातल्या एका गावात आमची सुपारी होती. साउंड चेक झाला, दिवे लागले, मांडव मोकळा. सगळं गाव टीव्हीसमोर. कार्तिकी गायकवाड जिंकली, आणि मगच लोक आले. त्या रात्री एका म्हाताऱ्या आजोबांनी स्टेजजवळ येऊन मला विचारलं, "तुमचं नाव काय पाव्हणं?" मी नाव सांगितलं. निवेदकानं ते माइकवरून घेतलं, आणि टाळ्या पडल्या.

आमचं कोल्हापूर हे अल्लादियाखाँसाहेबांचं गाव. ते शाहू महाराजांच्या पदरी होते. देवल क्लब इथला, संगीतसूर्य केशवराव भोसले इथले. या मोठ्या गायकांची नावं पोराटोरांनाही पाठ आहेत. त्यांच्या मैफलीत साथीला कोण बसायचं, हे विचारलं तर पेठेतली जाणती माणसंही गप्प होतात. साथीदाराचं नाव वेळीच लिहून ठेवलं नाही तर ते असं जातं.

आता पुष्कळ कार्यक्रम ट्रॅकवर होतात. पेन ड्राइव्ह लावला की झालं, वादकांचं मानधन वाचतं. पण ट्रॅक गायकाला सांभाळून घेत नाही. गायक श्वासाला अडकला तरी ट्रॅक पुढं निघून जातो.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे. येत्या गणपतीत गाण्याचा कार्यक्रम ठेवाल तेव्हा वादक बोलवा, आणि बॅनरवर गायकाच्या फोटोखाली त्यांची नावं छापा. फोटो नसले तरी चालतील.