अम्माचं रीळ

अब्बांच्या लोखंडी ट्रंकेत ते रीळ चाळीस वर्षं पडून होतं. अब्बा जहाजावर नोकरीला होते. हॅम्बुर्ग बंदरात त्यांनी सुपर एट कॅमेरा घेतला, सोबत कोडाक्रोमची थोडी रिळं. १९७९ साली फुफीच्या मेहंदीला त्यांतलं एक भरलं. अंगणाला चादरी बांधून पर्दा केलेला, आत पुरुषांना मज्जाव. म्हणून अब्बांनी अम्माला कॅमेरा चालवायला शिकवलं आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

त्या काळी युरोपात घेतलेल्या कोडाक्रोमच्या किमतीतच धुलाई धरलेली असे. रीळ पाकिटात घालून तिकडच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, धुऊन परत यायचं. पण अम्मा अडून बसली. घरच्या उघड्या डोक्याच्या बायका परक्या पुरुषांनी का पाहायच्या? तिथे यंत्रातून ढिगाने फिल्म धुतली जाते, कुणी एकेक चेहरा न्याहाळत बसत नाही, असं अब्बांनी परोपरीने समजावलं म्हणे. ती बधली नाही. १९८३ साली ती अल्लाहला प्यारी झाली तेव्हा आम्ही दोघं भावंडं नऊ आणि सहा वर्षांची होतो. तिचा एकही फोटो घरात नाही.

अब्बांच्या माघारी २०१९ साली घर आवरताना ते रीळ हाती आलं. चौकशी केली तेव्हा कळलं की फार उशीर झालाय. इतर रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी द्रव्यं फिल्मच्या थरांतच असतात. कोडाक्रोममध्ये ती नसतात. धुताना तीन वेगवेगळ्या द्रावणांतून एकेक रंग फिल्मवर चढवावा लागतो. (ही फिल्म शोधून काढणारे मॅनेस आणि गोडोव्स्की हे दोघेही वाजवणारे, संगीतातले! आम्हाला त्याचं फार नवल वाटलं.) ते काम करणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत, कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी होती. तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रिळं घेणं बंद केलं. आता रंग मिळणं नाही. मात्र चांदीचं चित्र कृष्णधवल डेव्हलपरमध्ये उमटू शकतं. परदेशात तसं करून देणारे आहेत, पण अम्माचा शब्द आठवला. ठरवलं, धुवायचं ते घरीच.

मोरीच्या खिडकीला रजई ठोकली, दाराच्या फटीत चादर कोंबली. डेव्हलपर आणि हायपो मुंबईहून आणला होता. मिट्ट काळोखात पक्कडीने डबी फोडली. पंधरा मीटर फिल्म, जेमतेम तीन मिनिटं वीस सेकंदांची. आधी एक फूट कापून वेळेचा अंदाज घ्यावा असं वाचलं होतं, म्हणून हाताला लागलेल्या टोकाकडचा एक फूट कापला आणि बाकीची डब्यात बंद केली. आमच्याकडचं उन्हाळ्यातलं पाणी, त्यात आठ मिनिटं. तो तुकडा कोळशासारखा काळा निघाला. जुन्या फिल्मला आपोआप धुकं चढतं. गरम पाण्याने आणि जादा वेळाने ते आणखी दाटतं.

मग फ्रिजमधला बर्फ घालून पाणी वीस अंशांवर आणलं, धुकं आवरणारं बेन्झोट्रायझोल चिमूटभर घातलं, वेळ कमी केला आणि पुढचा फूट टाकला. या वेळी काहीतरी उमटलं! उरलेली फिल्म बादलीत सोडून हाताने ढवळत धुतली. पाठीवरचा काजळीचा थर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून स्पंजाने पुसला. मोरी, हात, कपडे, सगळं काळं झालं. पहाटे कपड्यांच्या दोरीवर फिल्म वाळत होती, ओरखड्यांनी आणि डागांनी भरलेली.

फिल्ममध्ये ओळखीच्या आणि अनोळखी बायका होत्या. आमच्यातल्या बहिणीनेच त्या सगळ्या पाहिल्या. भावाने घरच्यांची चित्रं तेवढी पाहिली. एकेका चित्राचा फोटो काढून काळ्याचं पांढरं करून घेतलं. अम्मा कुठेच नव्हती. असणार कशी, कॅमेरा तिच्याच हातात!

फुफीला विचारायला गेलो. ती म्हणाली, "अरे, शेवटी भाभीच्या हातातून मीच कॅमेरा ओढून घेतला. तिलाच काढली मी."

शेवटी. म्हणजे टोकाकडे, जिथून आम्ही कापत आलो होतो तिथे. फुटाला बहात्तर चित्रं, सेकंदाला अठरा. म्हणजे चार सेकंदांची अम्मा आम्ही आमच्याच हाताने काळी केली होती.

दुसरा तुकडा घरी येऊन पुन्हा पाहिला. नुसता धूसर म्हणून आम्ही तो बाजूला टाकला होता. त्याच्या अखेरच्या तीसएक चित्रांत कुणीतरी समोर येतं, हसतं आणि तळहात पुढे करतं. ते "नको" होतं की ती कॅमेरा परत मागत होती, आम्ही अजून ठरवू शकलो नाही. आमच्यातली एक म्हणते, एवढं पाहिलं ते पुरे, जपून ठेवून द्यावं. दुसऱ्याला ते मुलांना दाखवायचं आहे.

तोवर फुफीला आणि खालाला तेवढं दाखवलं. फुफी म्हणाली, "तीच. ओढणी पोपटी होती." खाला म्हणाली, "छे, पिवळी. मीच दिली होती." दोघी बराच वेळ भांडत बसल्या.